ड्राय बाल्कनी आणि जुने फुलाफुलांचे कापड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून जी चार बाय सहा फुटांची ड्राय बाल्कनी असते, तिच्यात धुण्याचे मशीन, बादल्या, केरसुणी, कांदेबटाट्यांची जाळी आणि बहुधा एखादा गिझर असा सगळा संसार कोंबलेला असतो. या जागेला आईच्या किंवा आजीच्या काळातील फुलाफुलांच्या कापडांनी थोडे रूप द्यावे, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. माझ्या घरात गेली आठ वर्षे हे प्रयोग चालू आहेत. त्यातले काही साफ फसले, आणि खालची बरीचशी उत्तरे त्या फसण्यातूनच आलेली आहेत.

पाणी आणि साबण उडणाऱ्या जागेत कापड लावणे हा वेडेपणा नाही का?

कापड कायमचे लावले तर तो वेडेपणाच आहे. खिळे ठोकून बसवलेला पडदा, गोंदाने चिकटवलेली पट्टी किंवा शिवून पक्की केलेली झालर येथे सहा महिन्यांत कळकट होते, आणि एकदा कळकटली की ती तशीच राहते, कारण ती काढण्याचा कंटाळा येतो. म्हणून माझ्यापुरता मी एकच नियम केला आहे : जे कापड दोन मिनिटांत उतरवून शेजारच्याच मशीनमध्ये टाकता येईल, तेवढेच या जागेत लावायचे. हा नियम पाळला तर कापडासाठी घरात याहून सोयीची जागा नाही, कारण दिवाणखान्यातला पडदा धुण्यासाठी वेगळा बेत करावा लागतो आणि येथला पडदा धुण्याच्या जागेतच टांगलेला असतो.

जुने कापड म्हणजे नेमके किती जुने आणि कोणते?

पुराणवस्तूंच्या व्यवहारात यासाठी वयाची मोजमापे असतील. घरगुती सजावटीत त्यांची गरज नाही. साधारणपणे 1950 ते 1985 या काळातील गिरणीचे छापील सुती कापड हा आपल्याकडे सर्वांत सहज सापडणारा साठा आहे. त्यात छापील वायलची, म्हणजे झिरझिरीत सुती कापडाची, पातळे (साड्या) येतात, केंब्रिकचे आणि पॉपलिनचे झगे येतात, मोठ्या गुलाबांच्या चादरी येतात आणि ज्याला आजी सरसकट ‘चिटाचे कापड’ म्हणत असे, त्याचे परकर आणि पलंगपोसही येतात. याशिवाय शाळेच्या शिवणाच्या तासाला किंवा लग्न ठरण्याआधीच्या उन्हाळ्यात मुलींनी हाताने भरलेले टेबलक्लॉथ आणि अभ्रे असतात. त्यांच्यावरची साखळी टाक्याची डेलिया आणि गव्हाच्या टाक्याची पाने आजच्या कोणत्याही महागड्या छापील कापडाला भारी पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे कापड मिळते कुठे?

पहिला शोध घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर आणि गाद्यांखाली घ्यावा. गोधडीच्या आतही पाहावे. वरचा थर विटलेला असला तरी आतले थर उन्हापासून वाचलेले असतात आणि उसवलेल्या एका गोधडीतून मला तीन वेगवेगळ्या पातळांचे चांगले तुकडे मिळाले होते. मात्र पुष्कळ घरांत हा शोध रिकामा जातो, कारण तिथली वायलची पातळे बोहारणीकडे गेलेली असतात. दारावर येणारी बोहारीण चार पातळांवर एक स्टीलचे पातेले देत असे, त्यावर अर्धा तास घासाघीस चाले आणि शेवटी एखादा वाटीचा सेट वर घेऊन व्यवहार मिटे. आज त्या पातेल्याला कुणी विचारीत नाही आणि त्या पातळांसाठी आपण बाजार पालथा घालतो, हा हिशेब मला नेहमी गमतीचा वाटतो.

घरात काही नसेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार येथे चक्कर टाकावी. चोर बाजार शुक्रवारी बंद असतो. नवे, पण जुन्या वळणाचे कापड चालत असेल तर मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये राजस्थानातल्या सांगानेरच्या ठशांचे मलमल आणि केंब्रिक मिळते. सांगानेरच्या कामात पांढऱ्या किंवा फिक्या जमिनीवर नाजूक फुलांची बुट्टी असते. ही उजळ जमीन ड्राय बाल्कनीच्या अंधाऱ्या कोपऱ्याला चांगली मानवते.

हाती आलेले कापड सुती आहे की नाही, हे कसे ओळखावे?

शिवणीच्या आतून दोन-तीन धागे ओढून घ्यावेत, चिमट्यात धरावेत आणि सिंकवर धरून काडीने पेटवावेत. सुती धागा चटकन पेट घेतो, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, मग वितळते आणि थंड झाल्यावर बोटांना टोचणारा कडक काळा मणी तयार होतो. केस जळाल्याचा वास आला तर धागा रेशमाचा किंवा लोकरीचा आहे. टेरीकॉटमध्ये, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणात, राख आणि मणी दोन्ही सापडतात.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. जुन्या कापडाची आवड असणारी माणसे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या फुलांच्या साड्यांकडे नाके मुरडतात; परंतु हे कापड पाणी फारसे धरत नाही, तासाभरात वाळते आणि त्यावर बुरशीही उशिरा येते, त्यामुळे दमट जागेत त्याची सोय सुतीपेक्षा जास्त आहे. फक्त ते आचेच्या जवळपास नको.

कापड इतके जुने असताना ते टिकेल का?

ते खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरावे. विरलेले भाग जाळीसारखे दिसतात. त्यानंतर दोन्ही अंगठ्यांत साधारण एक इंच कापड पकडून हळूहळू ताण द्यावा. कापडाने ‘चर्र’ असा बारीक आवाज केला तर त्या भागाचा पडदा करू नये. कापड नेसलेल्या पातळाचे असेल तर निऱ्यांचा खालचा भाग टाचेने घासून आणि बसण्याचा भाग झिजून गेलेला असतो. पदर आणि कमरेत खोचला जाणारा वरचा काठ सहसा धडधाकट सापडतो.

हाताने छापलेल्या जुन्या कापडात आणखी एक खुबी आहे. त्यातील काळी बाह्यरेषा बहुधा गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या रंगाची असते, आणि हे लोखंड वर्षानुवर्षे सुताला आतून खात राहते. त्यामुळे लाल पाकळ्या शाबूत आणि त्यांच्या कडेची काळी रेघ मात्र कातरून काढल्यासारखी गळून गेलेली, असे दृश्य दिसते. असा तुकडा मशीनमध्ये टाकू नये; तो काचेमागे ठेवण्याच्याच लायकीचा आहे.

कोणत्या कापडाला कात्री लावू नये?

कलमकारी, हाताच्या ठशांचे जुने काम, आणि ज्या कापडावर घरातल्या आणखी कुणाचा जीव असू शकतो असे कोणतेही कापड कापू नये. ही तिसरी अट मी चटका बसल्यावर शिकले. आईच्या एका जांभळ्या फुलांच्या वायलच्या पातळाचे मी मोठ्या उत्साहाने दोन पडदे आणि एक पिशवी केली. पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला, की नातवाच्या बारशाला दुपटे शिवायचे आहे, ताईचे ते जांभळ्या फुलांचे पातळ पाठवशील का. शेवटी पिशवी उसवली आणि तेवढ्या कापडात बाळाची कुंची झाली. तेव्हापासून कात्री उचलण्याआधी मी घरातल्या सर्वांना कापडाचा फोटो पाठवते आणि आठवडाभर थांबते.

रंग जाईल का, हे आधी कसे समजेल? मिठाच्या पाण्यात बुडवले तर रंग पक्का होतो ना?

पांढरा सुती रुमाल ओला करून, घट्ट पिळून, कापडाच्या उलट्या बाजूवर वीस-पंचवीस वेळा जोर देऊन घासावा. मग त्यावर साबणाचे पाणी घेऊन पुन्हा घासावा. रुमालावर काहीच उमटले नाही तर रंगाची चिंता नाही. लाल, मरून आणि गडद निळ्या रंगाची परीक्षा वेगवेगळी घ्यावी, कारण एकाच छापातील हिरवा पक्का आणि लाल कच्चा असू शकतो.

मिठाचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण तयार कापडाचा सुटणारा रंग मिठाने किंवा व्हिनेगरने बसत नाही. मीठ रंगाई चालू असताना काही रंगांना सुतावर चढायला मदत करते आणि तेथेच त्याचे काम संपते. रंग सुटत असेल तर तो थंड पाण्यात वेगळा धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो. तरीही सुटत राहिला तर ते कापड ड्राय बाल्कनीसाठी बाद समजावे; ओल्या पांढऱ्या टॉवेलाशेजारी गुलाबाचा पडदा वाऱ्याने लागला की टॉवेल गुलाबी होतो, हे माझ्याकडे तीन टॉवेलांनी सिद्ध केले आहे.

पिवळे पडलेले कापड आणि डांबराच्या गोळ्यांचा वास यांचे काय करावे?

घडीच्या रेषेवर आलेला पिवळेपणा बराचसा पाण्यातच विरघळतो. सुती कापड मोठ्या घमेल्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी चहाच्या रंगाचे झाले की बदलावे. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा पाणी बदलावे लागले तरी निराश होऊ नये. त्यानंतर रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य द्रव साबणात धुवावे. क्लोरीनचे ब्लीच वापरू नये, कारण त्याने सुताची ताकद जाते. आणि ट्रंकेच्या कडीचा गंजाचा डाग असेल तर ब्लीचने तो उलट पक्का होतो. गंजावर लिंबू आणि मीठ चोळून थोडा वेळ उन्हात ठेवावे व लगेच भरपूर पाण्याने धुवावे. अर्थात लिंबाने छापील रंगही फिका पडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यात करून पाहावे. डांबराच्या गोळ्यांच्या वासावर मात्र मोकळ्या हवेखेरीज औषध नाही. कापड सावलीत, वारा लागेल असे चार-सहा दिवस टांगावे.

पडद्याला किती कापड लागते, आणि पातळाचा पडदा कसा बेतावा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडते. माझ्या कट्ट्याखालची उघडी जागा 60 इंच रुंद आणि 32 इंच उंच आहे, आणि तिच्यात साबणाचे डबे, ब्रश, निळीची बाटली आणि कधीच कुणी न वापरलेले फिनेल असते. सुंदर चुण्या पडण्यासाठी पडद्याची रुंदी जागेच्या दीडपट ते दुप्पट घ्यावी लागते. म्हणजे 90 ते 120 इंच. उंचीत वर नेफ्यासाठी 3 इंच आणि खाली दुमडीसाठी 3 इंच मिळवले की 38 इंच होतात.

आता पातळ साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब आणि 45 इंचांच्या आसपास रुंद असते. ते उभे न कापता आडवे वापरले, म्हणजे पातळाची लांबी हीच पडद्याची रुंदी केली, तर कुठेही जोड न देता 120 इंचांचा अखंड पडदा निघतो आणि 96 इंच कापड शिल्लक राहते. यात खरा फायदा काठाचा आहे. पातळाचा काठ आपोआप पडद्याच्या तळाला येतो, त्यामुळे खालची दुमड मारावी लागत नाही आणि जादाची उंची सगळी वरच्या नेफ्यात जिरते. निऱ्यांचा झिजलेला पट्टा टाळून पदराच्या बाजूने सुरुवात करावी. मात्र कापण्यापूर्वी पातळ अंगावर नेसतात तसे धरून फुलांची दिशा पाहावी. कमरेकडचा धडका काठ तळाला घेतला आणि वेलीला दिशा असेल, तर सगळी फुले डोक्यावर उभी राहतात. एकाच दिशेची वेल असेल तर खालचाच काठ तळाला घ्यावा आणि त्याचा फॉल उसवू नये. त्या पट्टीमुळे पडद्याला खाली वजनही मिळते.

वायल पारदर्शक असते. तिच्यातून फिनेलची बाटली दिसू नये असे वाटत असेल तर मांजरपाटाचे, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचे, अस्तर लावावे, परंतु नवे मांजरपाट शंभर इंचांमागे चार-पाच इंच आटू शकते, म्हणून ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. पातळ आधीच शंभर वेळा धुतलेले असते, ते आता आटत नाही. अस्तर तेवढे आटले तर पहिल्याच धुण्यानंतर पडदा गोळा होऊन वर चढतो. अस्तर पडद्याला सगळीकडून न शिवता फक्त नेफ्यात पकडावे, म्हणजे दोन्ही वेगवेगळी वाळतात.

गॅस गिझर त्याच जागेत आहे. काही काळजी घ्यावी का?

होय, आणि या एका बाबतीत सजावटीला दुय्यम स्थान द्यावे. गॅस गिझरमध्ये उघडी ज्योत असते. ती त्याच जागेतील प्राणवायू वापरते, आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून ड्राय बाल्कनीची खिडकी, जाळी किंवा झरोका कापडाने झाकू नये. बाहेरचे दृश्य कितीही कुरूप असले तरी झाकू नये. गिझर ज्या भिंतीवर आहे त्या भिंतीवर कापड लावू नये. मी स्वतः चारही बाजूंना तीन फुटांचे अंतर सोडते, आणि तेवढी जागा नसेल तर त्या भागात कापड नाहीच.

पाइपगॅसचा मीटर आणि त्याची बंद करण्याची चावी पडद्यामागे लपवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण घाईच्या वेळी ती चावी घरातल्या कोणालाही, पाहुण्यालाही, दिसली पाहिजे. मशीनच्या सॉकेटवरही झालर येऊ देऊ नये.

धुण्याच्या मशीनवर फुलांचे कव्हर घालावे का?

पुढून दार उघडणाऱ्या मशीनला अंगभर कव्हर शिवू नये. धुणे झाल्यावर दार थोडे उघडे ठेवून आतली ओल जाऊ द्यायची असते. कव्हर ओढले की ती ओल आत कोंडते, दाराच्या रबराला काळी बुरशी धरते आणि मग धुतलेल्या कपड्यांनाच कुबट वास येऊ लागतो. वरच्या पत्र्यावर एखादा भरतकामाचा टेबलक्लॉथ अंथरायला हरकत नाही, पण मशीन चालू करण्याआधी तो काढावा. पिळण्याच्या वेळी ड्रम मिनिटाला हजारच्या वर फेरे घेतो, मशीन थरथरते आणि कापड सरकत सरकत मागच्या नळीवर जाऊन पडते. माझा टेबलक्लॉथ दोनदा तेथे पडला आणि दुसऱ्या वेळी तो दोन महिन्यांनी सापडला. वरून उघडणाऱ्या मशीनला हा प्रश्नच नाही, तेथे काहीही अंथरू नये.

पावसाळ्यात बुरशी आल्याशिवाय राहील का?

कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता कित्येक दिवस सलग ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि सत्तरीच्या वर ती टिकून राहिली की सुती कापडावर बुरशी वाढू लागते. त्यात घरातले सगळे ओले कपडे याच बाल्कनीत दोऱ्यांवर लटकत असतात. अशा वेळी कापडाशी झुंज घेण्यात अर्थ नाही. मी मृग नक्षत्र लागले की पडदे, पिशव्या, अस्तरे सगळे उतरवते आणि घटस्थापनेच्या आधीच्या साफसफाईत परत लावते. तीन-चार महिने जागा उघडीबोडकी दिसते खरी, पण ऑक्टोबरात तीच फुले पुन्हा लागली की नवी वाटतात. पुण्यात किंवा त्याहून पूर्वेला, जेथे पाऊस कमी आणि वारा जास्त, तेथे एवढे करण्याची गरज नाही; पंधरवड्याला धुणे पुरते.

उतरवलेले कापड ठेवताना त्याला खळ किंवा कांजी दिलेली नसावी, कारण पिठावर बुरशीही येते आणि कसरही लागते. पूर्ण वाळवून, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये.

शिवण येत नसेल तर काय करता येईल?

भरतकामाची लाकडी कडी घ्यावी, तिच्यात फुलाचा एक चांगला तुकडा ताणून बसवावा, मागचे जादा कापड कात्रीने गोल कापावे आणि कडी भिंतीवर टांगावी. विरलेल्या पातळातील एकमेव शाबूत फूल वाचवण्याचा हा उत्तम मार्ग आहे. वेताच्या किंवा प्लास्टिकच्या टोपलीत चौकोनी कापड नुसते पसरून कडा बाहेर उलटवल्या आणि नाडीने बांधल्या तरी धुण्याची टोपली देखणी होते, शिवाय मोज्यांचे धागे वेतात अडकत नाहीत.

थोडीशी हातशिवण येत असेल तर मात्र चिमट्यांची पिशवी जरूर करावी. लहान मुलीचा जुना फुलांचा झगा घ्यावा, त्याचा घेर खालून धावदोऱ्याने दुहेरी शिवून बंद करावा आणि तो लहान हँगरवर अडकवून दोरीला टांगावा. गळ्यातून हात घातला की चिमटे हाताशी येतात. माझ्याकडे पिवळ्या शेवंतीचा एक झगा या कामावर सहा वर्षे आहे. तो ज्या मुलीचा होता तिचे आता लग्न झाले आहे, आणि ती घरी आली की आधी त्या झग्याचा घेर चाचपून पाहते.

फुलांची ही नक्षी मुळात आली कुठून?

‘चीट’ किंवा ‘छीट’ हा शब्द आणि इंग्रजांचा ‘चिंट्झ’ हे एकाच कुळातले आहेत, आणि शब्द येथून तिकडे गेला. कोरोमंडल किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणसारख्या बंदरांतून सतराव्या शतकात हे फुलांचे सुती कापड युरोपात पोचले. तेथील लोकांना नक्षीइतकेच नवल वाटले ते धुतल्यावरही न जाणाऱ्या रंगाचे. आपल्या कारागिरांना तुरटीची किमया ठाऊक होती : तुरटीचे पाणी ज्या पाकळीवर लावले, तेथेच मंजिष्ठेसारख्या मुळांचा लाल रंग उकळीत धरतो आणि उरलेल्या जागेचा रंग धुण्यात निघून जातो. या कापडाने तिकडच्या विणकरांचे धाबे दणाणले. फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत चालली. इंग्लंडने 1701 पासून छापील सुती कापडाची आयात रोखली आणि 1721 मध्ये ते वापरण्यावरच बंधन आणले, जे 1774 मध्ये उठले. पुढे 1783 मध्ये तांब्याच्या रुळाने छापण्याचे पेटंट निघाले, 1868 मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, आणि आपलीच फुले यंत्रावर छापून आपल्याच बाजारात विकायला आली.

मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 मध्ये स्थापन झाली आणि नंतरच्या शंभर वर्षांत गिरणगावातून निघालेल्या छापील कापडाने महाराष्ट्रातली घरे भरली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. ट्रंकेतल्या कापडाच्या कडेला गिरणीचा शिक्का दिसला तर तो कापू नये. पडद्याच्या आतल्या बाजूला तो तसाच राहू द्यावा.

धुण्यात टिकते म्हणूनच जे कापड जगभर गेले, ते धुण्याच्या जागेत लावायला संकोच कसला, असे मला म्हणूनच वाटते.

मोठी फुले घ्यावीत की छोटी? रंग कसे जुळवावेत?

लहान जागेत लहान फुले हा सल्ला सगळे देतात, पण मला तो पटत नाही. हातभर गुलाबांची एकच चादर पडद्याला लावली आणि बाकी सगळे साधे ठेवले तर जागा नीटस दिसते; तीन प्रकारची बारीक बुट्टी मात्र कालवाकालव वाटते. निळी बादली, लाल मग आणि हिरवा टब असेल तर आधी ते एका रंगाचे करावेत. कापड बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

घर भाड्याचे आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही.

दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी मिळते. सुती पडद्याचे वजन ती सहज पेलते, फक्त ती गुळगुळीत टाइलवर घसरू नये म्हणून टोकांखाली रबराचा तुकडा द्यावा.

भिंतीवर खळीने कापड चिकटवता येईल का?

बेडरूममध्ये येईल, ड्राय बाल्कनीत येणार नाही. मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ म्हणजे बुरशीला आणि कसरीला आमंत्रण आहे, आणि ते कापड काढून धुताही येत नाही.

आम्ही अमेरिकेत राहतो आणि आईची पातळे सोबत आणली आहेत. तेथील धुण्याच्या खोलीत वेगळे काय करावे?

तेथे ओल कमी आणि उष्णता जास्त, हा फरक लक्षात घ्यावा. कपडे वाळवण्याच्या यंत्रामागची नळी आणि तिची बाहेर जाणारी वाट कापडाने झाकू नये. तेथे साचणारा कापसाचा भुसा पेट घेऊ शकतो. यंत्राच्या वरच्या फळीला पडदा लावायचा असेल तर तो पत्र्याला टेकणार नाही इतका आखूड ठेवावा. आणि जुनी वायल त्या यंत्रात कधीही वाळवू नये. ती हँगरवर दोन तासांत वाळते.

हे सगळे किती दिवसांनी आणि कसे धुवावे?

कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांनी. कापड जाळीच्या पिशवीत घालून, थंड पाण्यात, नाजूक कपड्यांच्या चक्रावर धुवावे आणि पिळण्याचा वेग मशीनवर असेल तितका कमी ठेवावा. हाताने धुतले तर पीळ देऊ नये. टॉवेलात गुंडाळून दाबावे. उलटे करून सावलीत वाळत घालावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवावी, म्हणजे खळ न देताही काठ सरळ बसतो. पडदा काढलेला असतानाच कट्ट्याखालचे फिनेल पुसून घ्यावे.